शाळेची निसर्गवही: नक्षत्रं धरायची की तारखा? (खानापूर तालुका)

मलप्रभाकाठच्या बाई

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातली मराठी शाळा, सहावी-सातवीची मिळून वीस-बावीस मुलं. यंदा जूनपासून वर्गाची एक निसर्गवही सुरू करायची आहे. कुठलं झाड कधी फुललं, काजवे कधी दिसले, पाऊस किती पडला, धोबी पक्षी कधी आला, एवढंच. चित्रं आणि निबंध नकोत. पाच-सात वर्षांनी दुसऱ्या वर्गाला वापरता येईल अशी नोंद हवी.

अडचणी अशा. घरची मोठी माणसं मिरग, तरणा, म्हातारा असं पावसाच्या नक्षत्रांत बोलतात, मुलांना तारखा कळतात. वहीत काय लिहायचं? झाडं कुठली आणि किती घ्यायची? एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मे संपत येईपर्यंत आमच्याकडे सुट्टी, आणि रानातलं निम्मं फुलणं-पिकणं तेव्हाच होतं. पर्जन्यमापक विकत घ्यायला पैसे नाहीत. आणि मुख्य म्हणजे असल्या वह्या गणपतीपर्यंत चालतात आणि मग बंद पडतात, असं का होतं?

जांबोटी घाटवाट

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो बाई, कारण बाकीचं त्यातच येतंय. वही बंद पडते कारण ती "काहीतरी विशेष दिसलं की लिहायचं" अशी असते. पहिल्या महिन्यात सगळंच विशेष वाटतं, नंतर काहीच वाटत नाही. त्यावर उपाय म्हणजे ठरलेलं झाड, ठरलेला वार आणि "काही नाही" हेही लिहायचं. फूल नसताना घातलेला शून्य फार कामाचा असतो. ८ तारखेला शून्य आणि १५ तारखेला फुलं असतील, तर झाड त्या सात दिवसांत फुललं हे पक्कं. नुसतं "१५ तारखेला पळस फुललेला दिसला" एवढंच असेल, तर तो दोन दिवसांपूर्वी फुलला की तीन आठवड्यांपूर्वी, ते कोण सांगणार?

वार शनिवार ठेवा. सकाळची शाळा असते, ऊन चढायच्या आत होऊन जातं.

झाडं: पाच जाती, प्रत्येकीची तीन झाडं, एकूण पंधरा. एकच झाड धरलं तर ते आजारी आहे की ऋतू बदललाय हे कळत नाही. तुमच्या भागासाठी जांभूळ, ऐन, कुंभा, पळस आणि रायवळ आंबा घ्या. कलमी आंबा नको, त्याला खतपाणी होतं. आंबा एक वर्षाआड धरतो, तेव्हा दुसऱ्या वर्षी मोहोर कमी दिसला तर मुलांनी घाबरून जायचं कारण नाही.

झाड निवडताना काही गोष्टी टाळा. पथदिव्याखालचं झाड नको, दिव्याकडच्या फांद्या पानं उशिरा टाकतात. बोअर किंवा गटाराच्या पाण्यावरचं झाड नको, त्याचं वेळापत्रक वेगळंच असतं. रस्त्याला लागून असलेलं तर नकोच, रुंदीकरणात कधी जाईल सांगता येत नाही. कोकम घेणार असाल तर आधी फळ धरताना बघून घ्या. नराचं झाड वेगळं असतं, त्याला जन्मात फळ लागत नाही. उंबराचं फूल फळाच्या आत असतं, तेव्हा त्याच्या फुलाचा रकाना रिकामाच राहणार, फक्त फळं लिहायची.

ऐन आणि किंजळ यांची गल्लत सगळेच करतात. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तडकलेली. पान उलटं करून देठाजवळ बघा, दोन बारीक गाठी असतात. तरी शंका राहिली तर झाडाखालचं वाळलेलं फळ उचला: ऐनाच्या फळाला पाच पंख, किंजळीच्या फळाला एक मोठा आणि दोन अगदी लहान. किंजळ पावसात फुलते आणि दिवाळीच्या सुमारास तिचं फळ तांबूस होतं, लांबून झाडच फुलल्यासारखं वाटतं. मुलं हमखास त्याला फुलं म्हणून लिहितात.

कुंभ्याचंही एक सांगून ठेवतो. त्याचं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळपर्यंत केसरांचा झुपका गळून पडतो. मार्च-एप्रिलमध्ये दहा वाजता वर बघितलं तर झाडावर काही नाही, आणि खाली मातीवर पांढऱ्या-गुलाबी केसरांचा सडा. म्हणून नियम असा की आधी जमीन बघायची, मग फांदी.

नोंद फक्त आकड्यांत. रकाने सात: कोवळी पानं, जून पानं, पिवळी-गळती पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकली फळं. प्रत्येकात ०, १ किंवा २. शून्य म्हणजे अजिबात नाही, एक म्हणजे झाडाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत, दोन म्हणजे त्याहून जास्त. दोघांनी वेगवेगळं लिहायचं आणि मगच ताडून बघायचं. सीझनवॉच नावाचा देशभरचा उपक्रम साधारण याच पद्धतीनं चालतो, पुढेमागे तिथंही नोंदी देता येतील.

झाडाला खिळा मारून पाटी लावू नका, तिथून कुजायला लागतं. तार गुंडाळाल तर खोड वाढताना ती सालीत रुतते. रंगानं नंबर तर मुळीच घालू नका: आपल्याकडे झाडावर नंबर दिसला की ते तोडायला काढलंय असंच लोक धरतात. वहीच्या पहिल्या पानावर नकाशा काढायचा, "फाटकापासून पावलं ४०, विहिरीच्या उजव्या हाताला" असा. खाली मराठी नावाबरोबर कन्नड नावही लिहा (ऐन म्हणजे मत्ती, जांभूळ म्हणजे नेरळे), कारण वनखात्याच्या पाट्या आणि रोपवाटिकेतल्या याद्या कन्नडमध्ये असतात.

निपाणी शिवार

नक्षत्र की तारीख? दोन्ही लिहा, आणि भांडण मिटवा. पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात, चंद्रावर नव्हे. सूर्य एका नक्षत्रात साडेतेरा दिवसांच्या आसपास असतो, म्हणून ती दरवर्षी त्याच तारखांना येतात, फार तर एका दिवसाचा फरक. रोहिणी २४-२५ मे, मृग ७-८ जून, आर्द्रा २१-२२ जून, पुनर्वसू म्हणजे तरणा ५-६ जुलै, पुष्य म्हणजे म्हातारा १९-२० जुलै, आश्लेषा (आपल्याकडचा आसळका) २-३ ऑगस्ट, मघा १६-१७ ऑगस्ट, पूर्वा ३० ऑगस्टच्या आगेमागे, उत्तरा १३ सप्टेंबर, हस्त २६-२७ सप्टेंबर, चित्रा १० ऑक्टोबर, स्वाती २३-२४ ऑक्टोबर. सत्तर-एक वर्षांत एखादा दिवस पुढे सरकतो, तेवढं आपल्या वहीला सोसवेल.

म्हणजे आजी म्हणाली, "तरण्यात रोप लावलं", तर ते ५ ते २० जुलैच्या दरम्यान असं खुशाल धरा. जुनी माणसं जे सांगतात त्याला अशी तारीख लावता येते, हा मोठा फायदा.

सणांच्या बाबतीत मात्र सावध राहा. "गौरीला तेरडा फुलला होता" ही नोंद वहीत कामाची नाही. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. तीन वर्षांत तेवीस दिवसांचा फरक. तेरडा जागेवरच, गौरच पुढेमागे होते. तिथी सांगितली तर वर्षही विचारून घ्यायचं आणि तारीख काढायची.

पिकांचा एक रकाना जरूर ठेवा, कारण घरात बोलणं त्यावरूनच सुरू होतं. तुमच्याकडे धूळवाफेवर (पावसाआधी कोरड्या मातीत) कुरीनं भात कधी पेरलं, उगवण कधी दिसली, पहिली कोळपण कधी झाली. आमच्या बाजूला सोयाबीन आणि तंबाखू. पोरांनी बापाला विचारून तारीख आणायची, अंदाजानं नाही.

पोरांना गंमत वाटेल असं एक काम देतो. पंचांगात प्रत्येक नक्षत्राचं वाहन छापलेलं असतं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस भरपूर म्हणतात. कोल्हा, मेंढा आला की ओढ. नक्षत्र लागायच्या आधी वाहन लिहून ठेवा, ते संपल्यावर त्या तेरा-चौदा दिवसांचा मोजलेला पाऊस शेजारी मांडा. वाहन खरं की खोटं हे मास्तरांनी सांगायचं नाही, आकडे काय बोलतात ते पोरंच बघतील.

पाऊसपाणी बेळगाव

पर्जन्यमापकाला पन्नास-शंभर रुपयांच्या वर खर्च नाही. दोन लिटरच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवायचा, हे पुस्तकात असतं, पण बाटलीचा तळ खाचाखाचांचा असल्यामुळे पहिले तीन-चार सेंटिमीटर चुकतात. त्यापेक्षा नरसाळं आणि कॅन वापरा.

नरसाळ्याच्या तोंडाचा आतला व्यास ११.३ सेंमी असेल तर तोंडाचं क्षेत्रफळ जवळजवळ १०० चौरस सेंमी येतं. मग हिशोब तोंडपाठ: १० मिलि पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. तसं नरसाळं नाही मिळालं तर व्यासाला व्यासानं गुणा, ०.७८५ नं गुणा, दहानं भागा. जेवढा आकडा येईल तेवढे मिलि म्हणजे १ मिमी. १५ सेंमीच्या नरसाळ्याला हे सुमारे १७.७ मिलि पडतं. सातवीला वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकवायचंच असतं, तेही होऊन जाईल.

खाली ५ लिटरचा कॅन. ११.३ च्या नरसाळ्याला त्यात ५०० मिमी मावतं. खानापूरच्या पश्चिम बाजूला लहान बाटली ठेवलीत तर जुलैत ती रातोरात भरून वाहील आणि नेमका सगळ्यात मोठा पाऊसच हुकेल. कॅन जमिनीत अर्धा पुरा, नाहीतर वाऱ्यानं कलंडतो. नरसाळ्याची कड सपाट पाहिजे, पाणसळ लावून बघा, आणि जमिनीपासून ३० सेंमी वर. त्याहून खाली असली की मातीवरून उडालेले थेंब आत जातात. कौलाच्या पागोळीपासून आणि झाडापासून लांब: भिंत ४ मीटर उंच असेल तर निदान ८ मीटर दूर. नरसाळ्याच्या नळीत जाड जाळीचा लहान तुकडा टाका. पान अडकून नळी तुंबते, पाणी वरच साचून उडून जातं, आणि वहीत "पाऊस कमी" अशी नोंद होते.

वाचन रोज सकाळी साडेआठला, हवामानखात्याची वेळ तीच आहे. प्रयोगशाळेतला १०० मिलिचा मोजपात्र घ्या, भागाभागानं मोजा, मग पाणी ओतून द्या. पाऊस नव्हता तर ०. कुणी वाचलंच नाही तर आडवी रेघ. या दोन्हींत घोळ झाला की वर्षाची बेरीज वाया जाते. रविवार हुकला तर सोमवारी मिळालेलं पाणी "दोन दिवसांचं" असं लिहायचं, निम्मं-निम्मं वाटून टाकायचं नाही.

२.५ मिमी किंवा जास्त पडला तरच तो "पावसाचा दिवस" धरतात. ६४.५ च्या वर जोरदार, ११५.६ च्या वर अतिजोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. मुलांना हे आकडे भिंतीवर लावून द्या, बातम्यांतला "रेड अलर्ट" मग नुसता शब्द राहत नाही.

रानवाटा

प्राण्या-पक्ष्यांची यादी लांबवू नका, पाच-सहा पुरेत.

पावशा: "पेर्ते व्हा" पहिल्यांदा कधी ऐकलं आणि शेवटचं कधी. उन्हाळ्यात सुरू होतो, पाऊस लागला की जोर चढतो. तो पाऊस सांगायला ओरडत नाही. त्याचा विणीचा काळ तो, आणि अंडी सातभाईंच्या घरट्यात घालायची असतात. तरी शेतकऱ्यानं त्यावर पेरणीचा अंदाज बांधला यात खोट नाही, दोन्ही गोष्टी एकाच वेळी येतात.

नवरंग: मे अखेरीपासून पहाटे आणि दिवेलागणीला दोन सुरांची शीळ. दिसणं अवघड, ऐकू आला तरी नोंद करा.

काजवे: मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. एकच जागा, अंधार पडल्यावर दहा मिनिटं, ०-१-२ मध्ये. बॅटरीला लाल जिलेटिन कागद लावा किंवा बंदच ठेवा. पांढऱ्या उजेडात नर-मादीचं लुकलुकणं जुळत नाही. बाटलीत भरायला सक्त मनाई. अंगणातला एलईडी चालू असताना केलेली नोंद घेऊ नका.

धोबी: हिवाळी पाहुणा म्हणून राखी धोबी बघा. पोट पिवळं, पाठ राखी, शेपूट लांब आणि सारखी वरखाली. सप्टेंबरपासून ओढ्याच्या दगडांवर दिसायला लागतो. गल्लत इथं होते: मलप्रभेच्या काठाला काळा-पांढरा, पांढऱ्या भुवईचा मोठा धोबी बारमाही असतो. तो "आला" म्हणून लिहू नका, तो गेलेलाच नसतो.

अळंबी: वारुळावरची अळंबी दरवर्षी साधारण त्याच जागी येते, कारण बुरशी आत वाळवीच्या घरात वर्षभर जिवंत असते. तारीख लिहा, जागा लिहू नका. जागा लिहिलीत तर पुढच्या वर्षी वहीच्या आधी टोपली पोचेल! आणि शाळेच्या उपक्रमात कुठलीही अळंबी तोडायची नाही, खायची नाही. विषारी आणि खायची यातला फरक वहीवरून शिकवण्यासारखा नाही.

हे सगळं गावच्या पायवाटेवरून होतं. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मुलं नेऊ नका.

मलप्रभाकाठच्या बाई

सगळ्यांचे आभार, एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन गोष्टी राहिल्या. सुट्टीतलं काय करायचं? आणि कारवी, कळक (बांबू) यांचं काय? मुलं विचारणार हे नक्की.

जांबोटी घाटवाट

सुट्टीसाठी झाडं वाटून द्या. पंधरातली निदान नऊ झाडं अशी निवडा की ती कुणा ना कुणा मुलाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर असतील, आणि एका झाडाला तीन मुलं लावा: दोघं मामाच्या गावी गेली तरी एक उरतंय. एप्रिल-मेसाठी प्रत्येकाला एकच कागद, त्यावर सात शनिवारांच्या तारखा आधीच छापून. गावाला गेलेल्यानं परत येऊन मागचं भरायचं नाही, रेघ मारायची. मुलं गुणांच्या भीतीनं भरतात, म्हणून या वहीला गुण ठेवूच नका. दुसरी खूण म्हणजे सलग चार आठवडे सगळे आकडे तेच आले की समजा, मागच्या पानावरून उतरवलंय. जांभळाला एप्रिलमध्ये चार आठवडे काहीच बदललं नाही, असं होत नाही.

कारवीच्या काही जाती सात-आठ वर्षांनी एकदम फुलतात, कळक त्याहून किती तरी जास्त वर्षांनी, आणि फुलला की मरतो. यांना आठवड्याचा रकाना नको. वहीच्या मागच्या पानावर "क्वचित" असं एक पान ठेवा: वर्ष, जागा, काय फुललं. वीस वर्षांत चार ओळी झाल्या तरी चालतंय.

अथणी माळ

आमच्याकडे अथणीला तुमच्या पावसाचा सातवा-आठवा हिस्सा पडत असेल. तुमच्या तालुक्यातल्या कणकुंबीला काही हजार मिमी, इथं पाच-सहाशे, आणि जिल्हा एकच. तेव्हा तुमची वही आमच्या एखाद्या शाळेबरोबर जोडली तर बघण्यासारखं होईल. समान झाड पाहिजे: पळस दोन्हीकडे आहे, आंबाही आहे. ऐन-कुंभ्याच्या जागी आम्ही कडुलिंब आणि बाभूळ घेऊ. बाभळीला पिवळी गोंड्यासारखी फुलं पावसाळ्यात येतात, इकडच्या मुलांना तेव्हा रानात काहीतरी बघायला मिळतं.

मृगाचा किडा तुमच्या यादीत नाही, आमच्या यादीत तो पहिला. पहिला चांगला पाऊस होऊन माती खोल भिजली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी लाल मखमली ठिपके चालताना दिसतात. पाय आठ, म्हणजे तो किडा नव्हे, कोळ्याच्या गोतातला. मुलांना मोजू द्या, हात लावू देऊ नका. इथं नोंद पावसाशी जोडायची: "पहिल्या २० मिमीनंतर किती दिवसांनी दिसला". नक्षत्र मृगाचं असलं तरी पाऊस आर्द्रात आला तर हाही आर्द्रात येतो. आणि उत्तरा-हस्तात शाळू पेरला की तुमच्या भाताच्या रकान्यासमोर आमची पेरणी मांडता येईल.

पाऊसपाणी बेळगाव

जोडणार असाल तर एक अट: दोन्ही शाळांत नरसाळं एकाच मापाचं, वेळ एकच, ०-१-२ चा अर्थ एकच. पहिल्या महिन्यात मुलांनी फळ्यावर एकाच झाडाच्या फोटोला ०-१-२ आकडे द्यावेत, मतभेद मिटेपर्यंत. आणि दोन वर्षांच्या आकड्यांवरून "हवामान बदललं" असा तक्ता स्नेहसंमेलनात लावू नका. मोसमी पाऊस केरळात १ जूनला पोचतो हे सरासरीचं गणित. एखाद्या वर्षी आठवडा इकडे, आठवडा तिकडे हे नेहमीचंच. दहा वर्षांची वही झाली की मग बोलू.

निपाणी शिवार

वही कसली घ्यायची ते कुणी सांगितलंच नाही. जाड पुठ्ठ्याची, शिवलेली, दोनशे पानी. स्पायरल नको, पानं सुटतात. लिहायचं पेन्सिलनं, जेल पेन पहिल्या सरीत पसरतंय. रानात नेताना प्लॅस्टिकच्या पिशवीत. महिन्याच्या शेवटी मोबाईलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, बाई. बदली झाली तर मूळ वही शाळेच्या कपाटात राहू दे, आणि नकाशाचं पहिलं पान नवीन मास्तरांना झाडांपाशी उभं राहून समजावून द्या, नाहीतर "विहिरीच्या उजव्या हाताला" म्हणजे कुठल्या बाजूनं बघताना, यावरच पहिला शनिवार जातोय.